अंथरुणातून उठताना

गेल्या वैशाखातली गोष्ट. आमच्या गावातील एक निवृत्त शिक्षक पहाटे तीनच्या सुमारास लघवीसाठी उठले आणि न्हाणीघराच्या दारात कोसळले. डाव्या हाताचे मनगट मोडले. डोक्याला मार लागला नाही, खुब्याचे हाडही वाचले. दोन दिवसांनी प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून ते माझ्या दवाखान्यात आले. सोबत आलेल्या सूनबाईंचा पहिलाच प्रश्न होता, "डॉक्टर, यांच्या मेंदूचा फोटो काढायला हवा का?" गुरुजी मात्र शांत होते. "गरगरलं वगैरे काही नाही हो. उठलो, चार पावलं टाकली आणि डोळ्यांपुढे काळोख झाला. जमिनीवर पडल्यावर लगेच शुद्ध आली."

गुरुजींना मी पंधरा वर्षे ओळखतो. त्यांचा मधुमेहही तितकाच जुना. रक्तदाबासाठी ते जी गोळी घेतात, तीत लघवी वाढवणारे औषध मिसळलेले आहे. प्रोस्टेटच्या त्रासासाठी मूत्ररोगतज्ज्ञांनी रात्री घ्यायची आणखी एक गोळी दिलेली. दर महिन्याला ते माझ्या टेबलाशेजारच्या खुर्चीत बसत, मी दंडाला पट्टा बांधत असे आणि १३०/८०च्या आसपासचा आकडा पाहून आम्ही दोघेही समाधानाने निरोप घेत असू. त्या दिवशी प्रथमच मी त्यांना पाच मिनिटे आडवे झोपवून रक्तदाब मोजला. तो १३८/८० भरला. मग त्यांना उभे केले. दोन मिनिटांनी आकडा १०२/६४वर उतरला होता आणि नाडी मिनिटाला ७६वरून जेमतेम ८०वर गेली होती. काळोख कुठून आला, याचे उत्तर त्या आकड्यांत होते.

माणूस उभा राहतो, यात काही घडते असे आपल्याला वाटतच नाही. प्रत्यक्षात त्या क्षणी सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त गुरुत्वाकर्षणाने पायांच्या आणि पोटाच्या शिरांत उतरते. हृदयाकडे परतणारे रक्त कमी झाले, की हृदयातून बाहेर पडणारेही कमी होते. सर्वांत उंचावर बसलेल्या मेंदूला तर हा तुटवडा सोसतच नाही. त्याचा रक्तपुरवठा पूर्ण थांबला, तर दहा सेकंदांच्या आत शुद्ध हरपते. तरीही आपण दिवसातून कितीतरी वेळा बिनधास्त उठतो, कारण दाब घसरू लागताच शरीर त्याची दखल घेते. मानेतील मोठ्या रोहिणीच्या आणि छातीतील महाधमनीच्या भिंतींत ताण ओळखणारी चेतातंतूंची टोके असतात. दाब उतरल्याची वर्दी ती मेंदूच्या तळाशी पोहोचवतात. तेथून स्वायत्त चेतासंस्थेमार्फत हृदयाला वेग वाढवण्याचा आणि रक्तवाहिन्यांना आवळून घेण्याचा आदेश सुटतो. हे सारे हृदयाच्या काही ठोक्यांत उरकते.

स्नायूही स्वस्थ बसत नाहीत. पाऊल उचलले, की पोटरी आवळते आणि खोल शिरांतले रक्त वर ढकलले जाते. शिरांतल्या झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. आपण श्वास आत घेतो तेव्हा छातीतला दाब कमी होऊन पोटाकडचे रक्त वर ओढले जाते. त्याच वेळी अंतर्कर्ण, डोळे आणि सांधे तोल सावरत असतात.

मूत्रपिंडांचे काम अधिक धीम्या गतीचे. शरीरात मीठ आणि पाणी किती राखायचे, हे ती अधिवृक्क ग्रंथींच्या संप्रेरकांशी सल्लामसलत करून ठरवतात. मात्र रात्री आडवे झाल्यावर दिवसभर पायांत साचलेला द्रव छातीकडे परततो, हृदयाचे कप्पे ताणले जातात, हृदयातून एक संप्रेरक स्रवते आणि मूत्रपिंडे जास्तीचे पाणी बाहेर टाकू लागतात. उतारवयात रात्री वारंवार उठावे लागते, त्याचा दोष आपण सरसकट प्रोस्टेटवर किंवा मूत्राशयावर टाकतो; पुष्कळदा त्यात पायांच्या सुजेचाही वाटा असतो.

आता गुरुजींची ती पहाट पाहा. पंधरा वर्षांच्या मधुमेहाने स्वायत्त चेतातंतू झिजवले होते. म्हणून दाब ३६ने घसरूनही नाडी केवळ ४ने वाढली. प्रोस्टेटची गोळी मूत्रमार्गाभोवतालचे स्नायू सैल करते, पण तसलेच स्नायू रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही असतात. लघवी वाढवणाऱ्या औषधाने पाणी कमी केले, उन्हाळ्याच्या घामाने आणखी कमी केले. त्यातच, नीट विचारल्यावर कळले, आदल्या दोन दिवसांत त्यांना जुलाब झाले होते. ते त्यांनी 'किरकोळ' म्हणून कोणालाच सांगितले नव्हते. यांतले एकेक कारण शरीराने निभावून नेले असते. सगळी एकत्र आली आणि निभाव लागला नाही.

प्रत्येक गोळी आपापल्या जागी योग्यच होती. त्या सगळ्या एकाच माणसाच्या पोटात जातात, हे पाहण्याचे काम माझे होते आणि ते मी केले नव्हते. गुरुजींना मी तसे सांगितले. शाळेत विज्ञान शिकवलेले ते गृहस्थ हसून म्हणाले, "मीही तीस वर्षं रक्ताभिसरणाचा तक्ता वेगळा आणि उत्सर्जनाचा वेगळा लावला. मुलांनी कधी विचारलं नाही, मग मीही सांगितलं नाही."

घरातील वडीलधाऱ्यांना उठताना अंधारी येत असेल, तर रक्तदाब झोपून आणि मग उभे राहून एक व तीन मिनिटांनी मोजून घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० उतरला, तर डॉक्टरांकडे जा आणि सर्व औषधे, दुसऱ्या डॉक्टरांची सुद्धा, पिशवीत घालून न्या. मनाने कोणतीही गोळी बंद करू नका. रात्री उठताना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावे, पावले वरखाली हलवावीत आणि मग उभे राहावे. पुरुषांनी रात्री लघवी बसूनच करावी; मूत्राशय रिकामे होतानाही दाब उतरतो. आणि कोणी असा कोसळलाच, तर त्याला धरून उभा करण्याची घाई करू नका. आपल्याकडे चार माणसे धावतात आणि आधी खुर्चीत बसवतात! त्याला आडवेच राहू द्या, पाय थोडे उंच करा. शुद्ध मिनिटभरात परतली नाही, किंवा छातीत दुखत असेल, बोलणे अडखळत असेल, तर मात्र रुग्णालय गाठायला उशीर नको.

गुरुजींची रक्तदाबाची गोळी बदलली. प्रोस्टेटच्या गोळीबाबत मूत्ररोगतज्ज्ञांना फोन केला. त्यांनीही पर्याय सुचवला. हृदय आणि मूत्रपिंडे ठीक असल्याची खात्री करून पाणी वाढवायला सांगितले. तीन आठवड्यांनी उभे राहिल्यावरचा दाब १२२ होता. न्हाणीघरात जाण्याच्या वाटेवर सूनबाईंनी रात्रभर जळणारा लहान दिवा लावला आहे. दवाखान्यात आले की गुरुजी आता खुर्चीत बसत नाहीत, सरळ तपासणीच्या टेबलावर आडवे होतात आणि माझी वाट पाहतात.