बांधीतला मिथेन आणि आकाशाचा अभ्यासक

कार्बन क्रेडिटची चर्चा आता धानाच्या बांधीपर्यंत पोहोचली आहे. बांधीतला मिथेन कमी करा आणि पैसे मिळवा, असा तिचा सूर. तलाव-बोड्यांच्या आणि इटियाडोह धरणाच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्या गोंदिया जिल्ह्याने हा हिशेब नीट तपासायला हवा.

मिथेन हा वायू पहिल्यांदा पकडला आलेस्सांद्रो व्होल्टाने. 1776 साली इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठचा गाळ त्याने काठीने ढवळला, वर आलेले बुडबुडे उपड्या बाटलीत धरले आणि पेटवून पाहिले. पुढे विजेचा घट बनवणारा तो हाच! नवेगावबांध तलावाच्या गाळातही तेच घडतं आणि रोवणीनंतर पाणी साचलेल्या बांधीतही. मातीतला ऑक्सिजन संपला की सूक्ष्मजीव कुजक्या मुळा-धसकटांपासून मिथेन बनवतात. माती तापली की त्यांचा वेग वाढतो. बुडबुड्यांतून मात्र थोडाच वायू निघतो. बहुतेक मिथेन धानाच्या पोकळ देठांतून, धुराड्यातून निघावा तसा, हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता अडवतो.

1990 च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने भारतातल्या भातशेतीच्या माथी वर्षाला सुमारे 3.78 कोटी टन मिथेन मारला. आधार होता युरोप-अमेरिकेतल्या शेतांवरच्या मोजमापांचा. तेव्हा पुढे सरसावले डॉ. आशेष प्रसाद मित्रा. आयुष्य आयनांबराच्या, म्हणजे आकाशाच्या अभ्यासात घालवलेला हा शास्त्रज्ञ चिखलाकडे वळला. 1991 साली दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या पुढाकाराने देशभरच्या धानावर पेट्या ठेवून वायू मोजला गेला. उत्तर आलं सुमारे 40 लाख टन. जवळजवळ नऊपट फरक! हवामानाच्या वाटाघाटींत भारताला याहून मोलाचं शास्त्रीय काम क्वचितच लाभलं असेल, तरी शाळेच्या पुस्तकांत डॉ. मित्रांना जागा नाही, ही खंत वाटते.

फरकाचं एक कारण गोंदियात सहज दिसतं. पावसावरची बांधी मध्येच सुकते. हवा मातीत शिरते आणि मिथेन थांबतो. सतत तुडुंब भरलेल्या उन्हाळी धानात मात्र पाणी आलटून-पालटून दिलं, तर मिथेन बराच घटतो. पण सुकवताना नायट्रस ऑक्साइड वाढू शकतो आणि तो कितीतरी जास्त तापदायक. त्याला नत्र युरियातून मिळतो, म्हणून युरियाची मात्रा सांभाळावीच लागते.

म्हणून क्रेडिटचा करार पुढे आला, तर शेतकऱ्यांनी आधी एकच विचारावं: मोजणी कुणाच्या बांधीत झाली, आणि कोणत्या हंगामात?