मधुमेही मांजराची दंतचिकित्सा : एक विवेचन

वर्धा जिल्ह्यातील पशुचिकित्सेचा विचार करू लागताच अभ्यासकाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती आर्वी, आष्टी आणि कारंजा या तालुक्यांतील गवळाऊ जातीची गाय. शेतीप्रधान जिल्ह्यातील पशुवैद्यकीय दवाखान्यांची घडण मुख्यतः गाईबैल, म्हशी व शेळ्या यांच्या गरजांतून झाली आणि ते स्वाभाविकही होते. घरातील मांजर हा या व्यवस्थेच्या कडेला राहिलेला प्राणी होय. तथापि घरात पाळलेली मांजरे जसजशी अधिक वर्षे जगू लागली, तसतसे वार्धक्याचे रोगही त्यांच्यात दिसू लागले. मधुमेह आणि मुखरोग हे त्यांपैकी दोन प्रमुख रोग. हे दोन्ही एकाच प्राण्यात एकत्र आले असता त्याच्या दातांवर उपचार केव्हा व कसे करावेत, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. “आधी साखर आटोक्यात येऊ द्या, मग दातांचे पाहू,” असे उत्तर सहज सुचते. वरवर पाहता ते समंजसपणाचे वाटते. परंतु पुष्कळदा तेच मांजराच्या जिवावर बेतते. असे का होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मार्जारदेहातील मधुमेह

स्वादुपिंड आणि मधुमेह यांचा संबंध १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून सिद्ध केला. १९२१ साली टोरंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिनाचा शोध लावला, तोही कुत्र्यांवरील प्रयोगांतूनच. मांजराचा मधुमेह मात्र कुत्र्याच्या मधुमेहाहून भिन्न असून तो माणसाच्या प्रौढ वयातील मधुमेहाशी अधिक जुळतो. त्यात इन्शुलिनाचा सर्वस्वी अभाव नसतो. शरीराच्या ऊती इन्शुलिनाला दाद देईनाशा होतात आणि ते निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू निकामी होतात. या पेशीसमूहांत अमायलॉइड नावाचे द्रव्य साचते. १९८७ साली वेस्टरमार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे द्रव्य ज्या प्रथिनापासून बनते त्याची ओळख पटविली. त्यासाठी वापरलेल्या सामग्रीत मानवी अर्बुदाबरोबर मधुमेही मांजराचे स्वादुपिंडही होते. उंदरांत असे अमायलॉइड स्वभावतः साचत नाही. म्हणूनच मांजर हा मानवी मधुमेहाच्या अभ्यासातही महत्त्वाचा प्राणी ठरला.

मांजर हे निखळ मांसाहारी आहे. त्याच्या यकृतातील पिष्टमय अन्न हाताळण्याची यंत्रणा दुबळी असते. आपल्याकडे मांजरापुढे बहुधा दूधपोळी किंवा दूधभात ठेवला जातो. निरोगी, हिंडते मांजर उंदीर-पाखरे मारून ही उणीव भरून काढते. घरात बसून असलेल्या लठ्ठ व वयस्क बोक्याला ते साधत नाही. मधुमेह जडला की मांजर वारंवार पाणी पिते, फार मूत्रविसर्जन करते, खात असूनही रोडावते. काहींचे मागचे पाय अशक्त होऊन ती घोट्यांवर टेकत चालू लागतात. रोग लवकर ओळखून इन्शुलिन व अल्पपिष्ट आहार यांची जोड दिली, तर काही मांजरांची इन्शुलिनाची गरज पुढे संपुष्टातही येते. ही शक्यता कायम राखणे हाच चिकित्सेचा खरा हेतू असतो.

दात, हिरड्या आणि साखर

प्रौढ मांजराला तीस दात असतात. माणसाप्रमाणे त्यांना कीड लागत नाही. त्यांचे रोग निराळे. दातांवर जंतूंचा थर बसतो, त्याचे कीटण बनते आणि हिरड्यांचा व दाताला आधार देणाऱ्या ऊतींचा दाह सुरू होतो. दुसरा रोग दंतशोषणाचा : यात दाताचे कठीण द्रव्य शरीराच्याच पेशी पोखरून काढतात आणि वरून साबूत दिसणारा दात आतून झिजून जातो. तिसरा, सर्व मुखपोकळीला व्यापणारा जुनाट दाह. तो अत्यंत वेदनादायक असतो. मांजर वेदना लपविते. ते ताटलीपाशी येते, हुंगते आणि परत फिरते. एकाच बाजूने चावते, लाळ गाळते, अंग चाटून स्वच्छ करणे सोडते. घरच्यांना हे म्हातारपण वाटते.

दाह आणि मधुमेह यांचा संबंध दुहेरी आहे. दाह पावलेल्या ऊतींतून बाहेर पडणारी द्रव्ये इन्शुलिनाच्या पेशीतील कार्यात अडथळा आणतात. वेदना व जंतुसंसर्ग यांमुळे स्रवणारी संप्रेरकेही रक्तशर्करा वाढवितात. उलटपक्षी, वाढलेल्या शर्करेमुळे श्वेतपेशींचे सामर्थ्य घटते, जखमा भरून येण्यास विलंब लागतो आणि हिरड्यांचा रोग बळावतो. मानवी वैद्यकात हॅरल्ड लो यांनी १९९३ साली हिरड्यांच्या रोगाची गणना मधुमेहाच्या उपद्रवांत सहाव्या स्थानी केली, ती याच कारणाने. मांजराच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तोंड दुखत असल्याने ते कधी खाते, कधी खात नाही. आणि इन्शुलिन तर ठरल्या वेळी द्यावेच लागते. उपाशी मांजराला पूर्ण मात्रा दिली गेल्यास शर्करा घातक पातळीपर्यंत उतरू शकते.

यावरून “आधी साखर, मग दात” या क्रमातील दोष ध्यानात येतो. साखर आटोक्यात न येण्याचे कारणच तोंडात असेल, तर ती आटोक्यात येण्याची वाट पाहणे म्हणजे कारण कायम ठेवून परिणाम नाहीसा होण्याची अपेक्षा धरणे होय. याला अपवाद अर्थातच आहे. रक्तात कीटोन वाढले असतील, मांजर ओकत असेल, त्याच्या शरीरातील पाणी कमी झाले असेल, तर प्रथम ती अवस्था दूर केली पाहिजे. अशा स्थितीत भूल देणे अनुचित ठरते. परंतु जे मांजर हिंडते-फिरते आहे आणि ज्याची साखर केवळ थोडी चढती आहे, त्याच्या बाबतीत परिपूर्ण नियंत्रणाचा आग्रह धरून महिनोन्महिने काढण्यात हित नाही.

येथे एका औषधाविषयी सावध राहिले पाहिजे. मुखदाहावर स्टिरॉइडाची सुई दिली की मांजर दोन दिवसांत खाऊ लागते. म्हणून हा उपाय लोकप्रिय आहे. परंतु स्टिरॉइडे इन्शुलिनाच्या कार्याला विरोध करतात. त्यांच्या दीर्घ वापराने मधुमेह उद्भवू शकतो आणि असलेला बळावतो. जुनाट मुखदाहात रोगट दात काढून टाकणे हा उपाय कठोर वाटला, तरी पुष्कळ मांजरांत तोच टिकाऊ ठरतो. दात नसलेले मांजर मऊ अन्न उत्तम प्रकारे खाऊ शकते.

प्रवासापूर्वीची तयारी

दातांचे क्ष-किरण चित्र, वायुरूप भूल देण्याची सोय आणि शस्त्रक्रियेदरम्यान रक्तशर्करा मोजण्याची व्यवस्था या तिन्ही गोष्टी एकत्र मिळणे या उपचाराला आवश्यक असते. जवळच्या दवाखान्यात त्या नसतील, तर वर्ध्याहून सुमारे ७५ किलोमीटरांवरील नागपूरचा विचार करावा लागतो. तेथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ साली स्थापन झाले आणि २००० सालापासून महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही नागपुरात आहे.

प्रवास हाच मांजराच्या शर्करेवर परिणाम करतो. भयभीत मांजराची रक्तशर्करा, मधुमेह नसतानाही, १०० मिलिलिटर रक्तात ३०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ शकते. मांजराच्या मूत्रपिंडाची शर्करा अडवून धरण्याची मर्यादा सुमारे २७० ते २९० मिलिग्रॅम असल्याने अशा प्रसंगी मूत्रातही शर्करा उतरते. म्हणून दवाखान्यात पोचल्यावर घेतलेल्या एकाच मोजणीवर विसंबणे चूक. मागील दोन-तीन आठवड्यांची सरासरी स्थिती फ्रुक्टोसामिनाच्या तपासणीने कळते. घरी कानाच्या कडेतून थेंबभर रक्त घेऊन केलेल्या मोजण्यांची वहीही तितकीच मोलाची. मात्र माणसांसाठी बनविलेले शर्करामापक यंत्र मांजराच्या रक्तात बहुधा प्रत्यक्षाहून कमी आकडा दाखविते, कारण रक्तद्रव व रक्तपेशी यांतील शर्करेची वाटणी दोन्ही प्राण्यांत सारखी नसते. यंत्र कोणते वापरले याची नोंद त्यासाठी आवश्यक आहे.

वर्ध्याच्या उन्हाळ्यात आणखी एक प्रश्न उद्भवतो. मे महिन्यात येथील तापमान ४५ अंशांच्या घरात जाते. इन्शुलिनाची न उघडलेली कुपी २ ते ८ अंश तापमानात ठेवावयाची असते. ती गोठली तरी निरुपयोगी होते आणि तापली तरीही. वीज गेल्यास किंवा प्रवासात ओलसर मातीच्या भांड्यात ठेवलेला कोरडा डबा तात्पुरता उपयोगी पडतो, कारण कोरड्या हवेत बाष्पीभवन जलद होऊन भांडे गार राहते. हाच उपाय पावसाळ्यातील दमट हवेत फारसा साधत नाही. प्रवास पहाटे करावा, पिंजऱ्यावर पातळ कापड टाकावे. त्यायोगे मांजर उष्णतेपासून आणि भयापासूनही काहीसे सुरक्षित राहते.

मात्रेच्या बाबतीत एक चूक विशेष घातक आहे. भारतात इन्शुलिन एका मिलिलिटरात ४० एकके आणि १०० एकके अशा दोन तीव्रतांत मिळते व दोहोंसाठी सुया निराळ्या असतात. १०० एककांचे इन्शुलिन ४० एककांच्या खुणांच्या सुईत भरले गेल्यास मात्रा अडीचपट होते. मांजराला बहुधा एक-दोन एककेच लागत असल्याने ही चूक प्राणघातक ठरू शकते. कुपी आणि सुई दोन्ही सोबत नेऊन चिकित्सकास दाखविणे हा त्यावरील साधा उपाय होय.

भूल आणि शस्त्रक्रिया

जागेपणी कीटण खरवडण्याने दात पांढरे दिसतात, रोग जात नाही. कारण रोग हिरडीच्या आत असतो. म्हणून संपूर्ण भूल अपरिहार्य आहे. मधुमेही मांजराची पाळी सकाळी प्रथम लावावी, म्हणजे उपवास लांबत नाही आणि दिवसभर निरीक्षणास अवधी मिळतो. रात्रभर उपाशी ठेवण्याची जुनी प्रथा आता मागे पडत असून, काही तास आधी थोडे मऊ अन्न व त्याबरोबर इन्शुलिनाची सुमारे निम्मी मात्रा देण्याकडे कल आहे. अंतिम निर्णय त्या सकाळच्या शर्करेवर आणि चिकित्सकावर सोपविला पाहिजे. मूत्रावाटे शर्करा बाहेर टाकणारी मुखावाटे द्यावयाची नवी औषधे अमेरिकेत २०२२ पासून मांजरांसाठी मान्य झाली आहेत. ती चालू असल्यास उपवासात शर्करा प्राकृत दिसत असतानाही कीटोन वाढू शकतात. म्हणून ही माहिती आधीच दिली पाहिजे.

भुलेत असताना शर्करा उतरल्याची बाह्य लक्षणे दिसत नाहीत. यास्तव दर अर्ध्या तासाने मोजणी करावी व आवश्यकतेनुसार शिरेवाटे डेक्स्ट्रोज द्यावे. श्वासनलिकेत नळी घातल्याने तोंडातील पाणी फुफ्फुसात जात नाही. शरीर ऊबदार ठेवणे अगत्याचे असते. जबडा ताणून धरणारा स्प्रिंगचा चिमटा मांजरांत टाळावा : जबडा अतिशय उघडल्याने मेंदू व डोळ्यांकडे जाणारा रक्तप्रवाह दाबला जाऊन अंधत्व आल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. घरी परतल्यावर वेदना कमी करण्यासाठी माणसांच्या गोळ्या कदापि देऊ नयेत. पॅरासिटामॉलाचे विघटन करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळपास नसल्याने एक गोळीही त्याला मारक होते.

उपचारानंतरचे दिवस

शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणजे धोका संपला, असा समज होतो. वास्तविक पुढील काही आठवडे अधिक जपावयाचे असतात. दाह नाहीसा झाला की ऊती पुन्हा इन्शुलिनाला दाद देऊ लागतात. कालपर्यंत अपुरी पडणारी मात्रा आज जास्त होते. मांजर झोकांड्या देऊ लागले, निपचित पडले किंवा त्याला झटके आले, तर शर्करा उतरल्याचे समजून मध किंवा साखरेचे पाणी अल्प प्रमाणात हिरडीला लावावे आणि तत्काळ चिकित्सकाकडे न्यावे. या काळात शर्करा वारंवार मोजून मात्रा चिकित्सकाच्या सल्ल्याने कमी करीत जावी लागते. ज्या घरात हे घडत नाही, तेथे उत्तम उपचारच अपघाताचे कारण बनतो.

सारांश, मधुमेह आणि दंतरोग हे एका मांजराचे दोन स्वतंत्र आजार नसून परस्परांना पोसणारे एकच दुष्टचक्र आहे. ते कोठेतरी तोडावे लागते, आणि तोंडातील दाह हा त्यातील असा दुवा आहे की जो एका सकाळच्या शस्त्रक्रियेने दूर करता येतो. गोधनासाठी उभारलेल्या व्यवस्थेत या लहान प्राण्याला जागा करून देताना चिकित्सकाने आणि घरधन्यानेही हा क्रम ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.