लाकडाला दगडाचे सोंग
अमेरिकेच्या वास्तुकलेचा विषय निघाला की, श्रोतेहो, आपल्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्क-शिकागोचे गगनचुंबी मनोरे उभे राहतात. ते स्वाभाविकच आहे. परंतु त्या मनोऱ्यांच्या आधी अडीचशे वर्षांची एक निराळी कथा आहे आणि तिचा नायक साधे लाकूड आहे.

मॅसॅच्युसेट्स प्रांतातील डेडहॅम या गावी फेअरबँक्स कुटुंबाचे एक घर आजही उभे आहे. तुळयांतील वार्षिक वर्तुळांवरून त्याचा काळ १६३७ ते १६४१ असा ठरविण्यात आला असून, लाकडी सांगाड्याचे उत्तर अमेरिकेतील सर्वांत जुने टिकलेले घर म्हणून त्याची ख्याती आहे. अशी घरे बांधणाऱ्या सुतारांनी आपली विद्या इंग्लंडहून आणली होती. तिकडे ओकच्या खांबांचा व तुळयांचा सांगाडा उभारीत आणि मधल्या जागेत कूड घालून तो मातीने लिंपीत. नव्या मुलखातला हिवाळा मात्र या रीतीला मानवेना. लाकूड आकसे, पुन्हा फुगे. कुडाला भेगा पडत आणि बोचरे वारे घरात शिरत. तेव्हा बाहेरून फळीवर फळी चढवून भिंत झाकण्याची पद्धत रूढ झाली. गवताने शाकारलेली छपरे तर बॉस्टनमध्ये आगीच्या भयाने १६३१ सालीच बंद करण्यात आली. घराच्या मध्यभागी एकच प्रचंड धुराडे असे. त्याच्या दोन्ही अंगांच्या खोल्या त्या एकाच विटकामाने उबत. दक्षिणेकडे व्हर्जिनियात हेच धुराडे घराच्या टोकांना, बाह्य भिंतीपाशी गेले. कारण तेथील उन्हाळ्यात चुलीची धग दूर राहिलेली बरी! माणसे एकाच देशातून आली होती, पण हवेने त्यांची घरे निरनिराळी केली.

ओंडक्यांवर ओंडके रचलेली झोपडी ही आरंभीच्या इंग्रज वसाहतवाल्यांची, असा समज त्या देशातही फार काळ होता. वस्तुतः ती विद्या १६३८ पासून डेलावेअर नदीकाठी उतरलेल्या स्वीडिश आणि फिनिश लोकांची. नैर्ऋत्येकडे सान्ता फे येथे स्पॅनिश अंमलदारांनी १६१० च्या सुमारास जो वाडा बांधला, तो कच्च्या विटांचा आणि जाड भिंतींचा होता. तेथील मूळ रहिवासी तर त्यापूर्वी कित्येक शतके मातीची मजलेदार घरे बांधीत आले होते.

अठराव्या शतकात वसाहतींत पैसा आला आणि लंडनसारखे दिसण्याची हौस आली. व्यवसायाने स्थपती म्हणावे अशी माणसे जवळजवळ नव्हतीच. होते कुशल सुतार आणि विलायतेहून आलेली नमुन्यांची पुस्तके. जेम्स गिब्ज याचे १७२८ सालचे पुस्तक त्यांत विशेष प्रसिद्ध होते. त्याने बांधलेल्या लंडनच्या सेंट मार्टिन चर्चची, खांबांच्या दर्शनी मंडपावर उंच मनोरा असलेली भावंडे अमेरिकेत ठिकठिकाणी उभी राहिली. कलकत्त्याचे सेंट जॉन व मद्रासचे सेंट अँड्र्यू ही चर्चेसही त्याच कुळातली. पण गिब्जचे नमुने होते दगडाचे आणि अमेरिकन सुताराच्या हाती होते लाकूड. न्यूपोर्टच्या रेडवूड ग्रंथालयात पीटर हॅरिसनने १७५० च्या सुमारास यावर तोड काढली. फळ्यांना चिऱ्यांसारख्या खाचा पाडल्या आणि रंगात वाळू मिसळून पृष्ठभाग खरखरीत केला. वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन येथील घरालाही हेच सोंग आहे. मला त्याचे हसू येत नाही. दुरून दगड वाटणाऱ्या त्या भिंतीत सुताराचे कसब पाहणाऱ्याला जवळ गेल्यावरच दिसते.

१७७६ मध्ये वसाहतींनी राजाला झुगारले; पण इंग्लंडच्या जॉर्ज राजांच्या नावाने ओळखली जाणारी ही शैली ठेवायची की टाकायची? टॉमस जेफर्सनचे उत्तर होते रोम. पॅरिसमध्ये वकील असताना त्याने १७८५ साली क्लेरिसो या फ्रेंच स्थपतीच्या साह्याने व्हर्जिनियाच्या विधानभवनाचा आराखडा केला आणि त्याची प्लास्टरची प्रतिकृती जहाजाने रिचमंडला रवाना केली. नमुना होता फ्रान्समधील नीम येथील प्राचीन रोमन मंदिराचा. गंमत अशी की, ते मंदिर जेफर्सनने प्रत्यक्ष पाहिले ते १७८७ मध्ये! मूळच्या पानाफुलांच्या स्तंभशीर्षांऐवजी त्याने साधी शीर्षे घेतली, कारण नाजूक कोरीव काम करणारे कारागीर तिकडे दुर्मिळ होते. देवाच्या मंदिराचे रूप लोकप्रतिनिधींच्या सभागृहाला आले ते असे. पुढे १८०९ मध्ये लाट्रोबने वॉशिंग्टनच्या संसदभवनात स्तंभशीर्षांवर चक्क मक्याची कणसे कोरवून घेतली आणि सभासद त्याच्या मोठमोठ्या कामांपेक्षा त्या कणसांवरच अधिक खूश झाले. उसन्या रूपात घरचे पीक प्रथम दिसले, याचा त्यांना आनंद झाला असावा.

त्यानंतरची लाट ग्रीसची. फिलाडेल्फियाची एक बँकदेखील पार्थेनॉनच्या धर्तीवर १८२४ मध्ये पुरी झाली आणि पाहता पाहता खेड्यातील शेतकऱ्याच्या घरापुढेही पांढरे लाकडी स्तंभ आले.

जेफर्सनची अखेरची कृती म्हणजे व्हर्जिनिया विद्यापीठ. १८१७ मध्ये त्याची पायाभरणी झाली. मध्यभागी प्रार्थनामंदिर न ठेवता त्याने ग्रंथालय ठेवले. रोमच्या पॅन्थिऑनच्या निम्म्या मापाचे, घुमटाचे. सर्व मानव समान निर्मिले आहेत असे लिहिणाऱ्या या पुरुषाच्या विद्यापीठाची जमीन सपाट केली, विटा भाजल्या आणि भिंती उभ्या केल्या, त्यांत गुलामांचे हात होते. घुमटापासून जवळच २०२० साली ग्रॅनाइटचे एक वर्तुळाकार स्मारक पुरे झाले. विद्यापीठात राबलेल्या गुलामांसाठी त्यावर सुमारे ४,००० खुणा कोरल्या आहेत. काही खुणांवर नाव आहे, काहींवर केवळ कामाचा किंवा नात्याचा उल्लेख आहे. बहुतेक जागा कोऱ्याच आहेत.