लिमिटेड एडिशन व्हिस्की: बाटलीत काय, डब्यावर काय?

एव्हरशाईन सिटीतून बोलतोय. खिडकी बंद केलीये, तरी रिक्षाचा हॉर्न आलाच तर समजून घ्या. आणि पंचविशीच्या आतले असाल तर नुसतं ऐका, आपल्या राज्यात कायदा तसाच आहे.

परवा मित्राचा मेसेज आला, "गोव्याची लिमिटेड एडिशन सिंगल माल्ट मिळतेय. घेऊन ठेवू? पुढे दुप्पटीने विकेन." अर्धा पगार जाणार होता त्याचा.

आता 'लिमिटेड' खरंच लिमिटेड कधी असतं? दक्षिण गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन व्हिस्की बनते. त्यांची सिंगल माल्ट २०१२ मध्ये आधी लंडनला बाजारात आली. व्हिस्की लाकडी पिंपात मुरते आणि मुरता मुरता उडतेही. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण २ टक्के, गोव्याच्या उकाड्यात ८ च्या आसपास. हिशेब केल्याशिवाय मला राहवत नाही: २०० लिटरचं पिंप, ७ वर्षं. तिकडे १७३ लिटर उरेल, इकडे १११. पाणी न घालता भरली तर ७५० मिलीच्या १५० बाटल्याही होत नाहीत! म्हणजे एकाच पिंपातली, 'सिंगल कास्क' व्हिस्की मुळातच मोजकी. शिवाय उकाड्यात लाकडाचा गुण लवकर उतरतो, त्यामुळे वय कमी म्हणून तिला नाक मुरडू नका.

पण नुसतं 'लिमिटेड' लिहिलं असेल, तर किती बाटल्या ते कंपनीच ठरवते. शंभर असतील, पन्नास हजारही. म्हणून लेबलवर पिंपाचा नंबर, एकूण बाटल्या, वय आणि अल्कोहोलचं प्रमाण शोधा.

अवॉर्ड? जिम मरे यांच्या 'व्हिस्की बायबल'ने २०२१ च्या आवृत्तीत पॉल जॉनच्या 'मिथुना'ला जगात तिसरी ठरवलं. भारी गोष्ट आहे, पण शेवटी ती एका माणसाची जीभ. तुमची वेगळी असू शकते.

किमतीचं म्हणाल तर गोव्यात कर कमी, आपल्याकडे जास्त. तीच बाटली इथे महाग पडते, चव तेवढीच. स्वस्त म्हणून परमिटशिवाय बॅगेत घालून आणलीत तर गुन्हा. आणि दुप्पटीने विकणार कुणाला? लायसन्सशिवाय दारू विकणं हाही गुन्हाच. प्यायची असेल तरच घ्या, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.

त्याने विकणाऱ्याकडे लेबलचा फोटो मागितला. समोरून फक्त डब्याचा आला.