डिस्कची ओळख

माणसाची ओळख त्याच्या नावागावावरून पटवावी, की तो राहतो त्या खोलीच्या क्रमांकावरून? प्रश्न वरकरणी निरर्थक वाटेल. चाळीतील सातव्या खोलीतले बिऱ्हाड बाराव्या खोलीत गेले, म्हणून शेजारीपाजारी त्याला परके मानीत नाहीत. पण जो टपालवाला माणसांना ओळखत नाही, केवळ खोल्यांचे क्रमांक जाणतो, तो जुन्या बिऱ्हाडाचे पत्र नव्याच्या हाती देऊन मोकळा होईल. संगणकातही नेमका हाच प्रश्न उभा राहतो. आणि तेथे गफलत झाली, तर नुकसान एका पत्रापुरते राहत नाही. वर्षानुवर्षे जमविलेली छायाचित्रे, हिशेब, हस्तलिखितांच्या प्रती, सारेच पणाला लागते.

अनेक डिस्क जोडून त्यांचा एकच सामाईक साठा करण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. त्यांची जुळणी योग्य प्रकारे केली, म्हणजे एखादी डिस्क निकामी झाली तरी उरलेल्यांच्या आधारे मजकूर शाबूत राहतो. परंतु कधी असे होते, की डिस्क ठणठणीत असतात आणि संगणकाचा मुख्य फलकच जळतो. मग त्या डिस्क दुसऱ्या यंत्रात, दुसऱ्याच क्रमाने जोडल्या जातात. लिनक्स प्रणाली डिस्कना त्या सापडतील तशी एस-डी-ए, एस-डी-बी अशी नावे देते. ही नावे म्हणजे चाळीतील खोल्यांचे क्रमांकच होत. एखादे नवे कार्ड बसविले, तरी ती बदलू शकतात. मग या साऱ्या डिस्क एकाच घरच्या आहेत, हे नव्या यंत्राने ओळखावे कसे?

या प्रश्नाचे एक सुबक उत्तर झेड-एफ-एस या साठवण-पद्धतीत आढळते. अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेफ बॉनविक, मॅथ्यू आरेन्स व त्यांचे सहकारी यांनी ती घडविली आणि २००५ मध्ये ती सोलॅरिस प्रणालीत समाविष्ट झाली. तिचे मूळ तत्त्व असे, की ओळख यंत्राजवळ ठेवायची नाही. ती डिस्कच्याच अंगावर लिहायची. प्रत्येक डिस्कवर २५६ किलोबाइटांच्या चार नोंदपट्ट्या असतात. दोन आरंभी आणि दोन शेवटी. एका टोकाला इजा झाली, तर दुसऱ्या टोकाची साक्ष उरावी, ही त्यातील दूरदृष्टी.

या पट्टीवर साठ्याचे नाव असते. पण नाव दोघांचे सारखे असू शकते, म्हणून त्याबरोबर ६४ बिटांचा एक क्रमांकही असतो. डिस्कचा स्वतःचा क्रमांक निराळा असतो, आणि तिच्या गटातील भावंडांचे क्रमांकही तेथे नोंदलेले असतात. साठा पुन्हा उघडण्याची आज्ञा दिली, की संगणक समोर दिसणाऱ्या डिस्कवरील पट्ट्या वाचतो, क्रमांक ताडून पाहतो आणि कुटुंब जुळवितो. कोण कोठे बसले आहे, याला महत्त्व उरत नाही. कोण गैरहजर आहे, हे मात्र तत्काळ कळते. शिवाय प्रत्येक लेखनफेरीला चढता क्रमांक मिळतो. एखादी डिस्क काही दिवस बाहेर राहून परतली, तर तिच्यावरील क्रमांक मागे पडलेला दिसतो, आणि भावंडांजवळचा मजकूर घेऊन तिची उणीव भरून काढता येते.

मग धोका कोठे आहे? तो बहुधा आपल्या उतावळेपणात असतो. झेड-एफ-एस न जाणणाऱ्या एखाद्या प्रणालीला तीच डिस्क कोरी भासते आणि ती सज्ज करू का, असे ती नम्रपणे विचारते. येथे होकार देणे म्हणजे स्वतःच्या हाताने ओळख पुसणे होय. दुसरा मोह साठा नव्याने निर्माण करण्याचा. जुना साठा उघडणे आणि नवा निर्माण करणे या दोन आज्ञा दिसावयास शेजारच्या, पण परिणामी अगदी विरुद्ध आहेत.

तिसरी गोष्ट सक्तीची. साठा रीतसर मोकळा न करता हलविला, तर तो शेवटी दुसऱ्या यंत्राच्या हाती होता, अशी सूचना मिळते. जुने यंत्र खरोखर बंद असेल, तर सक्तीने उघडण्यास हरकत नाही. पण दोन्ही यंत्रे एकाच वेळी त्याच डिस्कवर लिहू लागली, तर साठ्याची धूळधाण होते. शिवाय काही नियंत्रक कार्डे डिस्कवर स्वतःची नोंद राखतात व तिचा आकार किंचित घटवून दाखवितात; तसे कार्ड मध्ये आले, तर शेवटच्या पट्ट्या अपेक्षित जागी सापडत नाहीत. म्हणून डिस्क थेट दाखविणारे साधे कार्ड बरे.

तेव्हा यंत्र बदलण्यापूर्वी साठा रीतसर मोकळा करावा, प्रत्येक डिस्कवर छापलेला अनुक्रमांक वहीत टिपून ठेवावा, आणि नव्या यंत्रात प्रथम नुसते पाहावे; लिहू नये. अर्थात, ओळख पटणे म्हणजे मजकूर सुरक्षित असणे नव्हे. त्यासाठी दुसरीकडे ठेवलेली प्रतच हवी. परंतु यंत्र बदलले म्हणून साठा बुडाला, असे मानून हातपाय गाळण्याचे कारण नाही. डिस्क आपली ओळख विसरलेली नसते; ती विचारण्याचा धीर मात्र आपल्याजवळ असावा लागतो.