सुवर्ण मिनिटाची तालीम

बाळंतपण म्हणजे स्त्रीचा दुसरा जन्म, असे आपल्याकडची जुनी माणसे म्हणत. पंचवीसहून अधिक वर्षे प्रसूतिकक्षात बाळाची वाट पाहत उभा राहिल्यावर या म्हणण्यातील भीती मला पुरती समजली आहे. बहुतेक प्रसूती सुखरूप होतात. शंभर नवजात बालकांपैकी सुमारे पंच्याऐंशी आपणहून श्वास घेतात; आणखी दहा कोरडी पुसून पाठ चोळली की रडतात. उरलेल्या पाचांना मात्र बॅग व मास्कने श्वास द्यावा लागतो, आणि तोही पहिल्या मिनिटाच्या आत. यालाच आम्ही ‘सुवर्ण मिनिट’ म्हणतो. ही पाच बाळे कोणती, हे दर वेळी आधी कळत नाही. म्हणून तयारी शंभरांसाठी ठेवावी लागते.

हे मी एका चुकीतून शिकलो. निवासी डॉक्टर असताना एका रात्री जन्मलेले बाळ रडले नाही. मी मास्क लावून बॅग दाबू लागलो, पण छाती हलेना. मास्क मोठा होता. कडेने हवा निसटत होती. लहान मास्क कपाटात होते आणि किल्ली ड्यूटी संपवून घरी गेलेल्या सिस्टरकडे. बाळ वाचले, पण काही तासांत त्याला झटके आले. ते मूल पुढे चालू शकले नाही. शेजारी उभी असलेली शिकाऊ परिचारिका नंतर हलक्या आवाजात म्हणाली, “सर, हवा जातेय हे मला दिसलं होतं. पण तुम्हाला कसं सांगणार?” दोष किल्लीचा कमी, माझा अधिक होता. साधने मी आधी तपासली नव्हती, आणि तिला बोलावेसे वाटेल असे माझे वागणेही नव्हते.

आणीबाणीत एकट्याचे कौशल्य अपुरे पडते. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील साउथमीड रुग्णालयात २००० सालापासून डॉक्टर आणि सुईणी यांना आपल्याच रुग्णालयात एकत्र सराव देण्यात आला. २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्राणवायूअभावी मेंदूला इजा झालेल्या बाळांचे प्रमाण निम्म्यावर आले होते.

मातेच्या बाबतीतही हेच खरे. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त वाहत असते. वार पडल्यावर गर्भाशय आकसले नाही, तर हाती मोजकीच मिनिटे उरतात. शिवाय नुसत्या नजरेने केलेला रक्तस्रावाचा अंदाज बहुधा कमीच ठरतो. आपल्या बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांसह यावर साधा उपाय वापरला : मातेखाली पसरायची, खाली मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी. हाच मोजण्याचा विचार २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आफ्रिकेतील मोठ्या अभ्यासाच्या मुळाशी होता. चार देशांतील ८० रुग्णालयांपैकी निम्म्यांत रक्त मोजून, गर्भाशयाचे मर्दन, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाइन आणि तपासणी हे सारे एकापाठोपाठ न थांबता केले गेले. तेथे तीव्र रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया किंवा त्याने येणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. यातील एकही औषध नवे नव्हते. नवी होती ती शिस्त.

आमच्या हरणीतील ज्या प्रसूतिगृहात मी जातो, तेथे आम्ही महिन्यातून एकदा तालीम करतो. घंटा वाजते आणि प्रत्येकजण आपल्या जागी जातो. एक सिस्टर मातेजवळ, दुसरी वॉर्मरजवळ, तिसरी घड्याळ पाहून वेळ लिहिते. वॉर्डबॉय रक्तपेढीला फोन लावतो. पहिल्याच तालमीत रक्तपेढीचा नंबर कोणालाच पाठ नसल्याचे उघड झाले. आता तो भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे, आणि मास्कच्या खणाला कुलूप नाही.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी बाळ निपचित जन्मले आणि त्याच वेळी मातेला रक्तस्राव सुरू झाला. स्त्रीरोगतज्ज्ञ मातेकडे, मी बाळाकडे. अवघ्या काही सेकंदांत वॉर्मरजवळची तरुण सिस्टर मोठ्याने म्हणाली, “साहेब, छाती ऊंचकाती नथी!” मी मान सरळ केली, मास्क नीट बसवला. छाती हलली. थोड्याच वेळात बाळ रडले. पलीकडे रक्तस्रावही आटोक्यात आला. त्या सिस्टरचे मी सर्वांसमक्ष आभार मानले. ते आभार थोडे त्या जुन्या रात्रीच्या मुलीचेही होते.

तयारीवाचून काय होते, हे हरणीला निराळे सांगायला नको. १८ जानेवारी २०२४ रोजी येथील तलावात सहलीची नाव उलटली आणि बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका आपल्यातून गेल्या. साऱ्यांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती.

माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, की आपले रुग्णालय कितीही लहान असो, महिन्यातून अर्धा तास तालमीला द्यावा आणि सर्वांत कनिष्ठ सहकाऱ्यालाही टोकण्याचा अधिकार द्यावा. समाजबांधवांनी गर्भवतीचा रक्तगट व हिमोग्लोबिन वेळीच तपासून घ्यावे, रक्त कोठून येईल आणि बाळाला कोण पाहील हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे, १०८ क्रमांक ध्यानात ठेवावा. आणि जमेल त्याने रक्तदान करावे. ही तयारी बहुतेक वेळा वापरावी लागणार नाही. लागली, तर मात्र तिच्यावाचून दुसरे काहीच कामी येणार नाही.