आर७१०ला नाही कोण म्हणतं?

डेलचा पॉवरएज आर७१० हा सर्व्हर २००९ साली बाजारात आला. उंची रॅकमधल्या दोन खणांएवढी, प्रोसेसरसाठी दोन सॉकेट, मेमरीचे १८ स्लॉट, पाठीमागे चार नेटवर्क पोर्ट. मोठ्या कंपन्यांनी तो ढिगाने घेतला आणि यंत्रं बदलायची वेळ आली तेव्हा ढिगानेच जुन्या बाजारात सोडला. आज तो विकत घेणाऱ्याला बहुधा एकच गोष्ट करायची असते. त्यावर हायपरवायझर चढवायचा, म्हणजे एकाच लोखंडावर पाच-दहा आभासी सर्व्हर वेगवेगळे चालतील. सराव करणारा विद्यार्थी असो, कॉलेजची लॅब असो की चार माणसांची सॉफ्टवेअर कंपनी, हिशेब सारखाच: मेमरी भरपूर, किंमत कमी. मग इन्स्टॉलर पडद्यावर सांगतो की हे हार्डवेअर मला चालणार नाही. यावर काही जण यंत्र भंगारात काढतात, तर काही जण कुठूनतरी मिळवलेला बायपास टाइप करून पुढे रेटतात. दोघांचाही एक प्रश्न विचारायचा राहून जातो. हा नकार नेमका कोणाचा? सिलिकॉनचा, ड्रायव्हरचा, की कंपनीच्या यादीचा? पडद्यावर तिन्ही साधारण सारखेच दिसतात, पण एकावर इलाज नसतो, दुसऱ्यावर पैसे टाकून इलाज होतो आणि तिसरा नुसता मोडून काढता येतो. जुन्या सर्व्हरवरची सगळी खटपट या निदानावर अवलंबून असते, आणि लोक नेमकं तेवढंच वगळतात.

सिलिकॉनचा नकार सर्वांत पक्का असतो, पण वाटतो त्यापेक्षा कमी वेळा भेटतो. प्रोसेसर आभासीकरणाला लायक केव्हा ठरतो याच्या अटी जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्येच मांडल्या होत्या. एक्स८६ प्रोसेसर त्या अटींत बसत नव्हते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने अडचणीच्या सूचना चालत्या प्रोग्रॅममध्येच बदलून टाकण्याची युक्ती काढली. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी आभासीकरणाची सोय प्रोसेसरमध्येच दिली. पुढे पाहुण्या यंत्राची मेमरी हार्डवेअरकडूनच सांभाळून घेण्याची सोयही आली. इंटेलच्या घरात ती नेहालेम पिढीपासून मिळते. विंडोज सर्व्हर २०१६ पासून त्यातल्या हायपर-व्ही या हायपरवायझरला ही दुसरी सोय लागतेच. म्हणून नेहालेमच्या आधीच्या झिऑन ५४०० वर तो चालत नाही, आणि त्यावर बायपास शोधणं हा वेळेचा अपव्यय आहे. आर७१० मध्ये मात्र झिऑन ५५०० म्हणजे नेहालेम किंवा ५६०० म्हणजे वेस्टमीअर असतो. दोन्ही सोयी दोन्हींत आहेत. तरीही इन्स्टॉलर ‘हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन नाही’ असं म्हणाला, तर बायॉसमधली आभासीकरणाची ओळ कोणीतरी बंद करून ठेवलेली असते. ती चालू करायची, यंत्र नुसतं रीस्टार्ट न करता पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायचं, आणि विषय संपला.

यादीचा नकार वेगळा. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या हायपरवायझरची ७.० ही आवृत्ती एप्रिल २०२० मध्ये आली आणि तिने वेस्टमीअरला यादीतून काढलं. नेहालेम तर आधीच गेला होता. इन्स्टॉलर ‘सीपीयू सपोर्ट एरर’ दाखवून थांबतो. पण बूट होताना शिफ्ट आणि ओ दाबून ‘अलाऊ लेगसी सीपीयू’ हा पर्याय खरा केला, की तोच इन्स्टॉलर पुढे सरकतो. असा पर्याय मुळात ठेवलेला आहे यावरूनच कळतं की प्रोसेसरला काम जमत नाही असं कंपनीचं म्हणणं नाही. आम्ही त्यावर चाचणी केलेली नाही आणि बिघडलं तर फोन करू नका, एवढंच तिला सांगायचं आहे. नवा माल खपवण्याचा हा डाव आहे, असा आरोप इथे हमखास होतो. त्यात तथ्य नाही असं नाही. पण प्रत्येक प्रोसेसर, प्रत्येक कार्ड, प्रत्येक फर्मवेअर यांच्या जोड्या दर आवृत्तीला तपासायच्या म्हटल्या तर यादीला कुठेतरी कात्री लावावीच लागते, आणि ती जुन्या टोकाकडूनच लागणार. माझी तक्रार कात्रीबद्दल नाही. कापलेली गोष्ट चाचणी न झाल्यामुळे कापली की कोडच उरला नाही म्हणून कापली, हे इन्स्टॉलर धड सांगत नाही, ही तक्रार आहे.

कारण खरं दुखणं दार उघडल्यावर आत सापडतं. आर७१० वर बायपास लावून ७.० पुढे नेलं, की इन्स्टॉलर आता नेटवर्क अडॅप्टर सापडत नाही म्हणून अडतो. मागे चार पोर्ट ढळढळीत दिसत असतात, त्यांचे दिवेही लुकलुकत असतात, आणि पडद्यावर मात्र एकही नाही. अशा वेळी ऑल्ट आणि एफ१ दाबलं की इन्स्टॉलरच्या मागचा कन्सोल उघडतो. रूट नावाने, पासवर्ड न देता आत जाता येतं. तिथे पीसीआय यंत्रांची यादी मागवली की प्रत्येक कार्ड दोन आकड्यांनी आपली ओळख सांगतं, पहिला बनवणाऱ्याचा आणि दुसरा मॉडेलचा. इंटेलचा आकडा ८०८६ आहे. आपल्या जुन्या चिपची आठवण कंपनीने अशी जपली आहे. आर७१० वरच्या पोर्टांचा आकडा १४ई४:१६३९ निघतो, म्हणजे ब्रॉडकॉमची बीसीएम५७०९ चिप. डिस्क सांभाळणाऱ्या एच७०० कार्डाचा निघतो १०००:००७९. हार्डवेअरने हजेरी लावलेली आहे. फक्त या दोन आकड्यांवर हक्क सांगणारा ड्रायव्हर ७.० मध्ये नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? कितीही बूट पर्याय टाइप केले तरी जो कोड डिस्कवर नाही तो मेमरीत येणार नाही.

तो गेला कुठे, याची गोष्ट थोडी मागे जाते. ईएसएक्सआयचा गाभा व्हीएमवेअरचा स्वतःचा आहे, पण बरेचसे ड्रायव्हर अनेक वर्षं लिनक्सकडून घेतलेले होते आणि ते ‘व्हीएमके-लिनक्स’ नावाच्या मधल्या थरावर चालत. हा थर जुन्या लिनक्सची नक्कल करायचा, आणि तो सांभाळणं दिवसेंदिवस जिकिरीचं होत गेलं. भानगड कोर्टातही पोहोचली. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे क्रिस्टोफ हेलविग यांनी परवान्याच्या मुद्द्यावर २०१५ मध्ये हॅम्बुर्ग इथे व्हीएमवेअरवर दावा लावला. २०१६ मध्ये तो फेटाळला गेला, २०१९ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. पण हा थर काढून टाकणार हे कंपनीने जाहीर केलेलं होतं, आणि ७.० मध्ये तो गेला. ज्या कार्डांसाठी कोणी नवा ड्रायव्हर लिहिला नव्हता ती सगळी त्याच्याबरोबर गेली. हौशी लोकांनी रिअलटेकच्या स्वस्त कार्डांसाठी बांधलेली पॅकेजंही त्याच दिवशी निकामी झाली. म्हणजे आर७१० च्या बाबतीत प्रोसेसरचा नकार हा निव्वळ कागदी होता आणि त्याच्या मागे लपलेले दोन नकार खरे होते. बायपास टाइप करणारा नेमका फसवा नकार दूर करतो आणि खऱ्यांवर जाऊन आदळतो. इलाज स्क्रू-ड्रायव्हरचा आहे: ज्याचा ड्रायव्हर ७.० मध्ये आहे असं इंटेल आय३५० चं कार्ड पीसीआय स्लॉटमध्ये बसवायचं आणि डिस्कसाठीही मान्य कंट्रोलर शोधायचा. दोन्हींचा खर्च जमेस धरल्यावर ‘स्वस्त’ सर्व्हर किती स्वस्त उरतो, हा हिशेब कार्डं मागवण्याआधी करावा.

मग लिनक्स घ्या, त्यातला केव्हीएम हा हायपरवायझर घ्या, त्यावर बांधलेला, व्हिएन्नाहून येणारा प्रॉक्समॉक्स घ्या, हा सल्ला येतोच, आणि आर७१० पुरता तो बहुतांशी बरोबर आहे. बीसीएम५७०९ चा ड्रायव्हर लिनक्समध्ये आहे. डेबियनचा इन्स्टॉलर त्यासाठी वेगळी फर्मवेअर फाइल मागून कटकट करायचा, तीही १२ व्या आवृत्तीपासून थांबली. पण लिनक्सवाले नकार देत नाहीत ही समजूत भाबडी आहे. एच७०० चा तोच ००७९ हा आकडा रेड हॅटने आपल्या लिनक्सच्या आठव्या आवृत्तीत ड्रायव्हरमधून काढला. फरक इतकाच की मूळ लिनक्समध्ये तो कोड शाबूत होता, आणि ईएलरेपोसारख्या स्वयंसेवी प्रकल्पाने तो बांधून परत दिला. यादीचा नकार इथे कोणालाही उलटवता आला, कारण कोड सर्वांच्या हाती होता. उलट रेड हॅटची २०२५ ची दहावी आवृत्ती हॅसवेल पिढीपासूनच्या सूचना गृहीत धरूनच कंपाइल केलेली आहे. वेस्टमीअरमध्ये त्या सूचना नाहीत, आणि तिथे मात्र एखादा ड्रायव्हर बांधून देऊन भागत नाही. कंपनीने ठरवलेली रेष कंपायलरमधून गेली की त्या बांधणीपुरती ती सिलिकॉनची रेष होते.

प्रॉक्समॉक्सवर याहून बारीक खोडी आहे. आठव्या आवृत्तीपासून नव्या आभासी यंत्राला आपोआप जो प्रोसेसर-प्रकार दिला जातो त्यात एईएस या सांकेतीकरणाच्या सूचना धरलेल्या असतात. वेस्टमीअरमध्ये त्या आहेत, नेहालेममध्ये नाहीत. त्यामुळे ५५०० वाल्या आर७१० वर इन्स्टॉलेशन विनातक्रार पार पडतं, वेब पान उघडतं, आणि पहिलं आभासी यंत्र सुरूच होत नाही. लोक मग आयएसओ पुन्हा उतरवतात, डिस्क बदलतात. प्रोसेसर-प्रकार ‘होस्ट’ केला की काम झालं. इन्स्टॉलर चालू होताच पडदा काळा पडणं हाही असाच, मॅट्रॉक्सच्या जुन्या चित्र-चिपचा मामला. ‘नोमोडसेट’ हा बूट पर्याय दिला की बहुधा निभावतं. कर्नल ५.१५ पासून प्रॉक्समॉक्सने कार्डांचा मेमरीशी व्यवहार सांभाळणारं इंटेलचं आयओएमएमयू आपोआप चालू ठेवायला सुरुवात केल्यावर काही जुनी यंत्रं बूट होईनाशी झाली. ते बंद करून पाहावं. यांतला एकही नकार हार्डवेअरची लायकी काढणारा नाही.

एवढी खटपट करून मिळणारं यंत्र सुरक्षित असतं का, हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. ड्रायव्हर मिळत नाही म्हणून ईएसएक्सआय ६.७ किंवा त्याहून जुन्या आवृत्तीवर थांबणं सोपं असतं, आणि कित्येक जण तेच करतात. पण ६.७ ची देखभाल ऑक्टोबर २०२२ मध्ये संपली. पुढच्याच फेब्रुवारीत ‘ईएसएक्सआय-आर्ग्स’ या खंडणीच्या हल्ल्याने इंटरनेटवर उघडे पडलेले ईएसएक्सआय सर्व्हर जगभर शोधून कुलूपबंद केले. संशय ज्या भोकावर होता त्याचा पॅच दोन वर्षं आधीच निघालेला होता. म्हणूनच जुन्या लोखंडावर जुना हायपरवायझर यापेक्षा जुन्या लोखंडावर चालू देखभालीतला हायपरवायझर हा रस्ता मी जास्त मानतो, भले ओळखीचं सॉफ्टवेअर सोडावं लागलं तरी. प्रोसेसरच्या खालच्या थराला मात्र इलाज मर्यादित आहे. प्रोसेसरमधला स्पेक्टर हा सुरक्षा-दोष उघड झाल्यानंतर इंटेलने २०१८ मध्ये झिऑन ५४०० सारख्या जुन्या चिपांसाठी मायक्रोकोड देणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. एकमेकांवर विश्वास नसलेल्या दोन ग्राहकांची आभासी यंत्रं अशा प्रोसेसरवर शेजारी ठेवू नयेत. एकाच लॅबची दहा यंत्रं ठेवायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप विजेचा, आणि त्याला उत्तर आकड्यांनीच द्यावं लागतं. सर्व्हर सरासरी २०० वॅट खातो असं धरलं तर दिवसाला ४.८ युनिट, महिन्याला १४४ युनिट होतात. चोवीस तास चालवायचा असेल तर वर्ष-दोन वर्षांच्या बिलात एखादा छोटा नवा संगणक बसेल, आणि तो आवाजही करणार नाही. हा हिशेब आर७१० च्या विरोधात जातो, तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र दिवसाला तीन तासच चालणाऱ्या लॅबमध्ये तेच बिल महिन्याला १८ युनिटांवर येतं, आणि तिथे मेमरीचे १८ स्लॉट अजून वसूल होतात.